बाराखडी गिरवणारा पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

मराठीच्या थोरवीचा विषय निघाला, की ज्ञानेश्वरांच्या पाठोपाठ एका इंग्रजाचे नाव हमखास येते. ते म्हणजे फादर स्टीफन्स. मराठीला रत्नाची, मोगऱ्याची, कस्तुरीची उपमा देणारा परदेशी कवी, एवढी त्यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना आहे. आपण लातूर पॅटर्नच्या काळातली मुले. दहावीनंतर गणित, भौतिक आणि रसायन यांनी आपला ताबा घेतला आणि मराठीचे पुस्तक मागे राहिले. हा माणूस कुठून आला, त्याला मराठी कोणी शिकवली, तो आला तेव्हा गोव्यात काय चालले होते, हे प्रश्न त्या वयात पडत नाहीत. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मी हे प्रश्न हाती घेतले. उत्तरे शोधता शोधता जो माणूस दिसला, तो कवी होण्याच्या आधी कितीतरी वर्षे विद्यार्थी होता. त्या विद्यार्थ्याची ही गोष्ट आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते आणि त्यांचेही नाव थॉमसच होते. घराणे कॅथलिक. राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नाते तोडले होते आणि थॉमस नऊ-दहा वर्षांचा असताना, १५५८ साली, पहिली एलिझाबेथ राणी झाली. तिच्या राज्यात कॅथलिकांवर संशयाची नजर असे. जुन्या पद्धतीची प्रार्थना लपूनछपून करावी लागे. धर्मावरून आपल्याच देशात परके होणे म्हणजे काय, हे या मुलाने लहानपणापासून पाहिले. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे ध्यानात ठेवायला हवे.

तरुणपणी थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत दरबाऱ्याशी त्यांची मैत्री झाली. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल होण्याचे ठरवले. स्टीफन्स पाउंडचे नोकर म्हणून वेष बदलून वावरत. निघण्याची तयारी झाली आणि पाउंड पकडले गेले. त्यांची पुढची जवळजवळ तीस वर्षे कैदेत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यात येशूसंघात उमेदवार म्हणून दाखल झाले.

तिथून पुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे गुपचूप इंग्लंडला परतून तिथल्या कॅथलिकांची सेवा करणे. ती वाट घेणारे एडमंड कॅम्पियन यांना १५८१ मध्ये लंडनला फासावर चढवण्यात आले. दुसरी वाट पूर्वेची होती. येशूसंघाच्याच फ्रान्सिस झेवियर यांचे नाव तेव्हा युरोपभर झाले होते. गोव्यात आणि त्यापलीकडे त्यांनी केलेल्या कामाच्या हकिकती तरुण मुले आवडीने वाचत. स्टीफन्स यांनी पूर्वेची वाट निवडली आणि ते लिस्बनला आले.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला. या प्रवासाची हकिकत स्टीफन्स यांनी गोव्याला पोचल्यावर वडिलांना सविस्तर कळवली. १० नोव्हेंबर १५७९ चे ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि बरेच वाचले गेले. पत्र एका पाद्र्याचे असले तरी त्यात प्रवचन थोडे आणि निरीक्षण फार आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडतो, जहाजे दिवसेंदिवस जागच्या जागी राहतात, उकाड्याने जीव नकोसा होतो. आफ्रिकेचे टोक वळसा घालून पार करताना जहाज खडकांच्या अगदी जवळ जाते. अक्षांश काढता येतो, पण पूर्व-पश्चिम आपण नेमके कुठे आहोत हे मोजायला साधन नाही, म्हणून खलाशी पाण्यावरचे पक्षी आणि वाहत येणारे शेवाळ पाहून अंदाज बांधतात. ताजे अन्न नसल्याने हिरड्या सुजतात, त्या कापाव्या लागतात, पाय सुजतात, अंग बधिर होते. आज आपण त्याला स्कर्व्ही म्हणतो आणि आवळा-लिंबू खायला सांगतो. त्या जहाजावर दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. इतक्या लांबच्या प्रवासाच्या मानाने हा आकडा कमीच समजला जाई.

सहा महिने आणि वीस दिवसांनी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, ते गोव्याला उतरले. वय साधारण तीस. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना व्हायला अजून एकवीस वर्षे होती. उतरल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्यांचे लक्ष वेधून घेतले ते माडाने. एकाच झाडापासून तेल, पेय, गूळ आणि दोर मिळतात आणि त्याच्याच झावळ्यांनी घर शाकारता येते, याचे त्यांना नवल वाटले. लोकांचे रंगरूप, झाडे, पाणी, सगळे त्यांनी कुतूहलाने पाहिले.

गोव्यातच त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टीत झाली. पोर्तुगीज त्यांच्या नावाचा उच्चार आपल्या पद्धतीने करत आणि तिथल्या लोकांसाठी ते पाद्री इस्तेवांव झाले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, हाच त्यांचा मुलूख. ते इंग्लंडला पुन्हा कधीही गेले नाहीत.

ही साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे. मडगाव, राशोल, बाणावली, कुंकळ्ळी ही गावे जिच्यात येतात ती दक्षिण गोव्यातील साष्टी. स्टीफन्स तिथे पोचले तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन पस्तीस-छत्तीस वर्षे झाली होती आणि त्याच्या जखमा ताज्या होत्या. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन सुरू झाले होते. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे सरकारी हुकमाने पाडण्यात आली. गोव्याच्या सहलीत आपण मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे इथल्या देवळांत जातो. त्या देवांची मूळ ठिकाणे साष्टीतली. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. त्यांच्या भक्तांनी मूर्ती जुवारी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात नेल्या, म्हणून त्या वाचल्या. घरांत पुराणे, पोथ्या ठेवणे धोक्याचे झाले होते. अनेक पोथ्या जाळल्या गेल्या. काही घराण्यांनी गाव सोडले, काहींनी धर्म सोडला.

स्टीफन्स या सत्तेच्या बाजूने आले होते, हे आपण लपवू नये. जहाज पोर्तुगीज राजाचे, पगारपाणी त्याच राज्याचे, आणि ज्या गावांत ते शिकवणार होते तिथल्या देवळांच्या जागी चर्च उभे राहत होते. धर्मामुळे स्वतःच्या देशात लपून राहावे लागलेला माणूस आता अशा राज्यात होता, जिथे दुसऱ्यांना त्यांचा धर्म लपवावा लागत होता. या विसंगतीविषयी त्यांना काय वाटले असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. इतिहासात दिसते ते त्यांचे काम, आणि त्या कामाची सुरुवात भाषा शिकण्यापासून झाली.

भाषा शिकणे हे सोपे काम नव्हते. एक तर तिथे एक भाषा नव्हती. घरात, शेतात, बाजारात लोक कोकणी बोलत. पण पुराण ऐकायचे, देवाचे नाव घ्यायचे, कीर्तन करायचे तर मराठी. स्टीफन्स यांनी दोन्ही भाषा शिकायला घेतल्या. छापील व्याकरण नाही, शब्दकोश नाही, शिकवणीचा वर्ग नाही. मिशनऱ्यांकडे होत्या त्या लोकांकडून मिळवलेल्या किंवा हिसकावून घेतलेल्या पोथ्या आणि धर्मांतर केलेल्या स्थानिक पंडितांची मदत. पोर्तुगालमधल्या ब्रागा या शहरात आजही अशी हस्तलिखिते आहेत, ज्यांत रामायण-महाभारतातल्या मराठी आणि कोकणी कथा रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या आहेत. त्या काळचे पाद्री आपल्या भाषेचा अभ्यास कसा करत, याचा तो पुरावा आहे. ज्या पोथ्या बाळगण्याची लोकांना भीती वाटत होती, त्याच पोथ्या मिशनऱ्यांच्या टेबलावर पाठ्यपुस्तक म्हणून होत्या.

स्टीफन्स यांच्या या शिकण्याच्या काळातच कुंकळ्ळीची घटना घडली. कुंकळ्ळीच्या लोकांनी पोर्तुगीजांना कर देण्याचे नाकारले होते आणि देवळे पाडली तरी पुन्हा उभारली होती. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट तिथे चर्चसाठी जागा पाहायला आणि क्रूस उभारायला गेले. त्यांचे प्रमुख होते रुडॉल्फ अक्वाविव्हा. फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारात तीन वर्षे राहून ते नुकतेच गोव्याला परतले होते. त्यांच्या सोबत्यांपैकी काहींचा पूर्वी तिथली देवळे पाडण्यात हात होता आणि गावाला ते ठाऊक होते. गावकऱ्यांनी पाचही जणांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही स्थानिक ख्रिस्ती लोकांना ठार मारले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या सोळा प्रमुखांना बोलणी करण्याच्या नावाखाली असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि कापून काढले. नदीत उडी मारून एकटाच निसटला, असे सांगतात. त्या नायकांचे स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. मेलेल्या पाच जेझुइटांना चर्चने हुतात्मा मानले, त्यांच्याही नावाची पूजा होते. एकाच गावात दोन्ही बाजूंची स्मृती जपली जाते.

मारले गेलेले पाचही जण स्टीफन्स यांचे सहकारी होते. त्यांचे मृतदेह विहिरीत टाकलेले होते. ते गावकऱ्यांकडून परत मिळवण्याचे आणि त्यांचे दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. परदेशात येऊन चार वर्षेही झाली नव्हती, चौतिशीचा तरुण, आणि समोर हा प्रसंग. ते मनाने खचून दुसरीकडे बदली मागू शकले असते. सैनिकांच्या आडोशाला जाऊन हुकूम सोडणारा धर्मोपदेशकही होऊ शकले असते. तशी उदाहरणे आजूबाजूला कमी नव्हती. ते साष्टीतच राहिले आणि त्यांनी भाषेचा अभ्यास पुढे चालू ठेवला.

त्या घटनेनंतर काही महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी आपल्या रिचर्ड नावाच्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. गोव्यात उतरून त्या तारखेला बरोबर चार वर्षे होत होती. या पत्रात इथल्या भाषांविषयी मोजक्याच ओळी आहेत, पण त्या विलक्षण आहेत. या भाषांचा उच्चार कानाला गोड लागतो, त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे आणि वाक्प्रयोग थक्क करणारे आहेत, असे त्यांनी भावाला कळवले. भारतातल्या भाषा आणि युरोपातल्या जुन्या भाषा यांचे नाते आहे, ही गोष्ट विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात जाहीरपणे मांडली ती १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

त्याच पत्रात त्यांनी आपली बाराखडीही भावाला समजावून दिली आहे. इथे अक्षर म्हणजे एक सुटा आवाज नसून पूर्ण उच्चार असतो, आणि व्यंजनाला स्वर किंवा दुसरे व्यंजन जोडले जाईल तितक्या वेळा अक्षराचे रूप पालटते, हे त्यांनी नेमके पकडले होते. क, का, कि, की गिरवणाऱ्या पहिलीतल्या मुलाला जे हळूहळू उमगते, ते या माणसाला तिशी उलटल्यावर उमगत होते, आणि त्याची गंमत घरी कळवावीशी वाटत होती.

त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक प्रसंग आला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझला हेर म्हणून पकडले गेले आणि त्यांना गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. ते प्रॉटेस्टंट राणीची प्रजा, म्हणजे स्टीफन्स यांच्या घराण्यावर ज्यांनी संशय घेतला त्या बाजूचे. तरीही स्टीफन्स त्यांना भेटले, त्यांच्यासाठी खटपट केली आणि ते जामिनावर सुटले. पुढे फिच आणि न्यूबेरी गोव्यातून निसटून विजापूर, गोवळकोंडा करत बऱ्हाणपूरच्या वाटेने अकबराच्या राज्यात गेले. फिच यांनी मायदेशी परतल्यावर सांगितलेल्या माहितीचा ईस्ट इंडिया कंपनीला उपयोग झाला. स्टीफन्स यांनी केले ते मात्र एवढेच, की परक्या गावात अडकलेल्या आपल्या मुलखातल्या माणसांना मदत केली.

याच काळात आपल्या मराठवाड्यात काय चालले होते, हे पाहिले तर नवल वाटते. स्टीफन्स साष्टीत मराठी शिकत होते तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. वेगवेगळ्या प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी सिद्ध केली ती १५८४ मध्ये, म्हणजे कुंकळ्ळीच्या घटनेच्या पुढच्याच वर्षी. आपल्या लातूरपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईत दासोपंत लिहीत होते. ते १६१५ साली गेले. मराठी ओवी एकीकडे गोदाकाठी आणि बालाघाटात बहरत होती, आणि त्याच ओवीचे धडे समुद्रकाठी एक इंग्रज घेत होता. त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. पण ज्ञानेश्वरांपासून आलेली ओवी दोन्हीकडे पोचली होती.

या सगळ्या शिकण्याचे फळ यायला फार वर्षे लागली. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची एक अडचण होती. पूर्वी संध्याकाळी पुराण ऐकायची सवय. आता जुनी पुराणे बंद झाली आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच असा प्रसंग येतो, की एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्र्याला सांगतो, आमची पहिली पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आता आमच्यासाठी दुसरे पुराण का करत नाही? ग्रंथाला कारण झाले ते हे मागणे. एका दृष्टीने ही धर्मप्रसाराची युक्ती आहे. दुसऱ्या दृष्टीने पाहिले तर आपण लोकांचे काहीतरी हिरावून घेतले आहे, ही कबुली त्या ग्रंथातच आहे, आणि ती लोकांच्या तोंडून आली आहे.

त्या मागणीतून उभे राहिले ते क्रिस्तपुराण. सुमारे ११,००० ओव्या, दोन भाग. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची बायबलच्या जुन्या करारातली कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. सुरुवात आपल्या प्राकृत ग्रंथांसारखीच ईश्वराला नमन करून. स्वर्गासाठी शब्द वैकुंठ. भाषा मराठी, पण सामान्यांना कळावी म्हणून कोकणी शब्दांची पेरणी. मराठीची ती प्रसिद्ध स्तुती याच ग्रंथात आहे. पुस्तकात ती सुटी छापली की नुसते कौतुक वाटते. पण ग्रंथ १६१६ मध्ये राशोलला छापला गेला, म्हणजे लेखकाला गोव्यात येऊन सदतीस वर्षे झाली होती. ती स्तुती पाहुण्याने यजमानांना खूश करण्यासाठी म्हटलेली नाही. पस्तीस-छत्तीस वर्षे ज्या भाषेत माणसे जोडली, तंटे मिटवले, मेलेल्यांना निरोप दिला, त्या भाषेविषयीचे ते मत आहे.

माझ्या पेशातल्या माणसाला सगळ्यात जवळची वाटते ती त्यांची छपाईची धडपड. गोव्यात छापखाना होता, पण खिळे रोमन अक्षरांचे. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापण्याची परवानगी मागितली. मलबारात तसे होत होते, मग इथे का नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अडचण त्यांनीच स्पष्ट केली. युरोपात चोवीस अक्षरांच्या साच्यांवर भागते, इथल्या लिपीला जोडाक्षरे आणि काने-मात्रे धरून सहाशेच्या घरात साचे लागतील. १५८३ मध्ये भावाला सांगितलेली बाराखडीची गंमत पंचवीस वर्षांनी तांत्रिक अडचण होऊन समोर आली होती. आपल्या पिढीने संगणकावर मराठी येताना पाहिली आहे. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर चौकोन-चौकोन होऊन दिसायचा, आणि युनिकोड आल्यावर तो त्रास संपला. जोडाक्षरांचा तोच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याने मोजून, आकडा लावून मांडला होता.

ते खिळे काही त्यांना मिळाले नाहीत. ग्रंथ रोमन लिपीतच छापावा लागला. मग त्यांनी रोमन अक्षरांतच मराठीचे उच्चार बसवले. ण साठी एन दोनदा लिहायचा, अशा युक्त्या वापरल्या. आज आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निम्मे निरोप रोमन अक्षरांत येतात आणि मन, मान आणि मण यांचा गोंधळ होतो. स्टीफन्स यांच्या लिखाणात तो होत नाही, कारण प्रत्येक आवाजाला वेगळी खूण हवी, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

१६१९ मध्ये साष्टीतच त्यांचे निधन झाले. वय सत्तरच्या आसपास. त्यांनी तयार केलेले कोकणीतले धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये छापले गेले, आणि कोकणीचे पहिले छापील व्याकरण १६४० मध्ये. दोन्ही त्यांच्या मागे. क्रिस्तपुराण मात्र लोकांनी उचलून धरले. चर्चमध्ये ते गायले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले.

मग १६८४ साल आले. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून देशी भाषा सोडाव्यात. ज्या राज्याच्या जहाजातून स्टीफन्स आले, त्याच राज्याने त्यांनी जन्मभर शिकलेल्या भाषांवर घाला घातला. क्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांमुळे. काही कुटुंबे गोवा सोडून मंगळूरकडे गेली, तेव्हा हाताने उतरवलेल्या प्रती त्यांनी बरोबर नेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या घरी त्या वाचल्या. अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी तो रोमन लिपीत पुन्हा छापला. पुढे लंडनमधल्या एका संग्रहात देवनागरीतले हस्तलिखितही आढळले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली आणि १६०८ च्या त्या पत्रातली इच्छा साडेतीनशे वर्षांनी पुरी झाली.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. आपल्या आजोबांच्या पिढीने निजामाच्या राज्यात शाळा पाहिली. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू, १९१८ मध्ये हैदराबादला निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी घरात, देवळात आणि भजनात टिकली. नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत आजोबांची सही उर्दूत आणि हरिपाठ मराठीत असे चित्र होते. उर्दूने आपल्या बोलीत भरही घातली, ती गोष्ट वेगळी. पण राजभाषा एक आणि लोकांची भाषा दुसरी असली की लोक आपली भाषा कशी जपतात, हे आपल्या मुलखाला सांगावे लागत नाही. मंगळूरच्या त्या कुटुंबांचे आणि आपल्या आजोबांचे या बाबतीत जवळचे नाते आहे.

मग फादर स्टीफन्स यांच्याकडे आपण कसे पाहायचे? त्यांना निव्वळ मराठीचे भक्त म्हणून डोक्यावर घेणे अपुरे आहे. ते धर्मप्रसारासाठी आले होते आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले. ज्या सत्तेने देवळे पाडली, तिच्या छायेत त्यांचे काम चालले. आणि त्यांना फक्त त्या सत्तेचा हस्तक म्हणून बाजूला सारणेही अपुरे आहे. त्याच सत्तेचे शेकडो लोक गोव्यात आले आणि हुकूम देऊन परत गेले. हा माणूस चाळीस वर्षे राहिला, लोकांची बोली व्याकरणात बांधली, आणि शिकवायला आलेला असूनही आधी शिकला. माझ्या मते मराठीविषयी त्यांच्या मनात जे उपजले, ते आल्यावर लगेच नव्हे तर त्या पहिल्या खडतर वर्षांत, कुंकळ्ळीनंतरही अभ्यासाची वही बंद न केल्यामुळे उपजले. देवळे पाडणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. त्या मुलखाची भाषा शिकणाऱ्याचे नाव मात्र मराठी शाळांतून घेतले जाते.

आपल्यापैकी निम्मे जण आज पुणे, हैदराबाद, बंगळूर, काही अमेरिकेत आणि जर्मनीत आहेत. नव्या गावी गेल्यावर तिथली भाषा शिकायची की इंग्रजीवर भागवायचे, हा प्रश्न आपल्यालाही रोज पडतो. मुलांना घरात मराठी बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही, ही कुरबूर तर ग्रुपवर दर आठवड्याला असते. तिशीत बाराखडी शिकता येते, आणि शिकून त्या भाषेत ११,००० ओव्या लिहिता येतात, एवढे तरी स्टीफन्स यांच्या चरित्रावरून मुलांना सांगता येईल.

आपल्या मराठीच्या बाई आणि सर फळ्यावर एकेक ओवी लिहून शब्द फोडून सांगत. मार्कांसाठी त्याची गरज नसली तरी सांगत. स्टीफन्स यांना ज्यांनी साष्टीत मराठी शिकवली त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांच्याशिवाय क्रिस्तपुराण झाले नसते. आपल्या शिक्षकांची नावे या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आहेत, हे फार बरे झाले. मेळाव्याच्या दिवशी क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत शाळेच्या ग्रंथालयाला देण्यासाठी मी घेऊन येणार आहे. ज्यांना चाळायची असेल त्यांनी चहाच्या वेळी जरूर यावे. सुरुवातीच्या ओव्या जरा जड जातात, म्हणून शेजारी आपल्या बाईंना बसवून घ्यावे.